लादी बदलण्याआधी मोरीजवळच्या दोन लाद्या उचलून बघा

मुलुंडहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं कापून इथे देते.

‘आम्ही मुलुंड पूर्वेला १९८८ साली बांधलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. घर ५४० चौरस फूट कार्पेट. सगळीकडे मूळची पिवळट मोझॅक लादी आहे, आता ती निस्तेज झाली आहे. स्वयंपाकघरात मोरीजवळ खचलीय, तिथे ठेवलेला फ्रिज हलतो. हे मार्चमध्ये निवृत्त झाले, घरासाठी दोन लाख बाजूला ठेवलेत. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मला नवी लादी हवी आहे. भाऊ म्हणतो, आहे त्यावरच दोन बाय चारच्या पांढऱ्या चकचकीत टाइल्स चिकटवून टाका, चार दिवसांत काम मोकळं. थोरले दीर म्हणतात, एकदाच करताय तर मार्बलच करा. शोरूमवाला साठ रुपये फूट म्हणतो, आणि ऑफर महिनाअखेरपर्यंतच आहे म्हणून एकवीस हजार टोकन मागतो. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत, गेल्या पावसाळ्यात बाथरूममध्ये पडता पडता वाचल्या. सोसायटीत रिडेव्हलपमेंटचंही बोलणं अधूनमधून निघतं. आमच्याकडे गणपती बसतात, त्याच्या आत काम व्हायला हवं. काय करू?’

ताई, तुमच्या पत्रात टाइल्सबद्दल बरंच आहे, पण मी अडकले ती हलणाऱ्या फ्रिजपाशी. लादी उगाच खचत नाही. त्या काळातल्या इमारतींत मोझॅक लादी थेट स्लॅबवर बसवलेली नसते. स्लॅबवर तीनेक इंच भराव असतो, त्यात विटांचे तुकडे, रेती, चुनखडी असं सगळं असतं. त्यावर मसाला, आणि त्यावर लादी. मोरीच्या जाळीखालचा नहाणी ट्रॅप, म्हणजे सांडपाणी जिथून पाइपात जातं ते वाकडं भांडं, किंवा पाइपाचा सांधा झिरपायला लागला की ते पाणी भरावातून वाट काढतं, बारीक रेती सोबत घेऊन जातं आणि लादीच्या पोटात पोकळी होते. वरून फक्त एवढंच दिसतं की फ्रिजचा एक पाय टेकत नाही.

म्हणून या रविवारी शोरूमला जाऊ नका, पहिल्या मजल्यावर जा. तुमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली ज्यांचं स्वयंपाकघर आहे त्यांच्याकडे चहाला बसा आणि छत बघा. ओल, पिवळे डाग, फुगलेला रंग, गंजलेल्या सळीच्या रेषेत गेलेली चीर, यातलं काही दिसतं का ते पाहा. मग एखाद्या जाणत्या मिस्त्रीला बोलावून मोरीजवळच्या दोन लाद्या छिन्नीने अलगद उचलून घ्या. खालचा भराव मुठीत धरा. ओला असेल तर दोन दिवस मोरी अजिबात वापरू नका, भांडी बाथरूममध्ये घासा. तेवढ्यात भराव सुकायला लागला तर सांडपाण्याचा पाइप दोषी. तसाच ओला राहिला तर बहुतेक पाणी आणणारा पाइप गळतोय. त्या काळी जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे, पाइप टाकायचे आणि ते आतून-बाहेरून गंजतात. हे दुरुस्त केल्याशिवाय वर साठ रुपयांची टाइल घाला की सहाशेची, दोन-तीन पावसाळ्यांत तीही तशीच खचेल. शिवाय आपल्या घरातल्या मोरी-संडासातून खाली होणारी गळती हा आपलाच खर्च असतो, सोसायटीच्या उपविधींतही ते तसंच धरलेलं आहे.

मिस्त्री घरात आहे तोवर आणखी एक काम उरकून घ्या. लाकडी दांडका किंवा छत्रीचा दांडा घेऊन सगळ्या खोल्यांतल्या लाद्या एकेक करून ठोका. पक्की बसलेली लादी भरीव वाजते, खाली पोकळ असेल तर आवाज बोदा येतो, लगेच कळतं. बोद्या लाद्यांवर खडूने फुली मारा. संध्याकाळी हॉलमध्ये उभं राहून फुल्यांकडे बघा. पुढचा सगळा निर्णय त्या फुल्यांवर आहे.

आता भावाची सूचना. लादीवर लादी चिकटवता येते, त्यात वेडंवाकडं काही नाही. त्यासाठी वेगळं अ‍ॅडहेसिव्ह मिळतं, त्याला आयएस १५४७७ हे भारतीय मानक आहे, आणि गोणीवर ते जुन्या लादीवर चालतं असं लिहिलेलं असायला हवं. पण ते खालची लादी पक्की, सपाट आणि मेणाचा थर खरवडून काढलेली असेल तरच. तुमच्या स्वयंपाकघरात ते जमणार नाही. पोकळ लादीला चिकटलेली नवी लादी तिच्याबरोबरच हलणार.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि इथे मिस्त्री काय बोलतो ते नीट ऐका. अ‍ॅडहेसिव्ह आणि टाइल मिळून चौरस मीटरला साधारण ३० किलो भर पडते. पण अनेक मिस्त्री ‘ताई, अ‍ॅडहेसिव्ह महाग पडतं, आपण मसाल्यातच बसवू’ म्हणतात आणि जुन्या लादीवर दोन इंच सिमेंट-रेतीचा मसाला ओततात. दोन इंच मसाला चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास आणि वर टाइल, म्हणजे सव्वाशे किलो झाले. तुमच्या घरापुरतं हे वजन पाच टनांवर जातं. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला दोनशे किलो भार धरून आराखडा करायचा, असं आयएस ८७५ सांगतं. त्यातला निम्म्याहून जास्त भाग कायमचा लादीत घालवायचा, तोही पस्तिशी ओलांडलेल्या स्लॅबवर, हे मला कुठल्याही अटीवर मान्य नाही. तीस वर्षांवरच्या इमारतींना मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घ्यावी लागते. तुमच्या सोसायटीची झालेली असेल तर सेक्रेटरींकडून तो अहवाल मागून घ्या आणि तुमच्या विंगच्या स्लॅबबद्दल काय लिहिलंय ते वाचा.

आणि जमिनीची उंची. वरून चिकटवलं की घराची जमीन अर्धा इंच वर येते. दारं खालून तासावी लागतात, ते होऊन जातं. पण बाथरूम आहे तिथेच राहतं, म्हणजे बाथरूमची पायरी अर्ध्या इंचाने खोल होते. तुमच्या घरात शहात्तर वर्षांचं माणूस दिवसातून कितीतरी वेळा तिथे पाय टाकतं. हा अर्धा इंच त्यांच्या पायाला नक्की कळेल.

थोरल्या दीरांना सांगा की मार्बल दिसायला देखणा आहे, पण हळद, लिंबू, चिंच, कोकम यांच्याशी त्याचं जमत नाही. तो चुनखडीचाच प्रकार, आंबट पडलं की पॉलिश खातं आणि डाग आत उतरतो. अठरा मिलिमीटरचा मार्बल चौरस मीटरला पन्नास किलोच्या घरात, खाली मसाला वेगळा. आपल्या घरासाठी नको.

रिडेव्हलपमेंटबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण खर्चाची कमाल मर्यादा तीच ठरवते. मुंबईत हे बोलणं दोन तऱ्हेचं असतं. एक म्हणजे जिन्यात, गच्चीवर, वार्षिक सभेनंतर निघणारं. ते दहा-पंधरा वर्षंही चालतं आणि त्यासाठी कुणी मोडक्या मोरीत दिवस काढू नयेत. दुसरं कागदावर आलेलं. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या शासन निर्णयाप्रमाणे विशेष सभा, सल्लागाराची नेमणूक, निविदा आणि निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर विकासकाची निवड, अशा पायऱ्या असतात. सेक्रेटरींना सरळ विचारा, यातली कुठली पायरी झाली आहे? विकासक निवडून झाला असेल तर पाइप दुरुस्त करा, बाथरूम सुरक्षित करा आणि बाकी पैसे बँकेत राहू द्या. सल्लागारसुद्धा नेमलेला नसेल तर तुमचं घर पुढची काही वर्षं तुमचंच आहे, त्यावर खर्च करायला हरकत नाही.

आता मनातलं सांगते. हॉल आणि दोन्ही खोल्यांत खडूच्या फुल्या फार पडल्या नाहीत, तर तिथली मोझॅक लादी काढू नका. ती निस्तेज झालीय म्हणजे संपली असं नाही. मोझॅकमध्ये संगमरवराचे दाणे वरच्या थरात काही मिलिमीटर खोलवर असतात. मशीनने वरचा मळकट पापुद्रा काढला की खाली तोच दाणा ताजा निघतो. हल्ली मोझॅकसारख्या दिसणाऱ्या टाइल्स शोरूममध्ये चांगल्या भावाला विकतात, पण त्यांच्यावर ती नक्षी वरच्या पातळ थरात छापलेली असते, एकदा झिजली की झिजली.

पॉलिशवाला आधी खड्डे आणि सांधे रंग मिसळलेल्या पांढऱ्या सिमेंटने भरतो, ते वाळू देतो आणि मग पाणी सोडत मशीन फिरवतो. आधी जाड दगड, मग मध्यम, मग बारीक. शेवटी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पावडर टाकून चमक काढतो. कोपऱ्यांत आणि दारामागे मोठं मशीन पोचत नाही, तिथे हातमशीन लावणार का, हे दर ठरवतानाच विचारून घ्या. मशीनखालून जो पांढरा रगडा निघतो तो मोरीत ओतू देऊ नका. त्यात सिमेंट आणि दगडाचा गाळ असतो, पाइपात बसला की घट्ट होतो आणि मग खालच्या मजल्यापर्यंत तुंबतं. बादलीत भरून, निथळू देऊन, गाळ गोणीत. हे काम चालू असताना घरभर चिखल असतो, तेव्हा सासूबाईंना नणंदेकडे किंवा कुणा जवळच्यांकडे पाठवा. आणि नंतर त्या लादीला संडास धुवायचं अ‍ॅसिड कधीही लावू नका, साबणाचं पाणी पुरे.

स्वयंपाकघर मात्र पूर्ण उकला. पाइप, भराव, सगळं नवं. तिथे तुमच्या आवडीची टाइल घाला. दिवसाचे सर्वांत जास्त तास तुम्ही तिथेच उभ्या असता, तेव्हा ती निवड फक्त तुमची असू द्या, दीर-भाऊ कुणी मध्ये नकोत. तिथल्या निघालेल्या मोझॅक लाद्यांपैकी धड असतील त्या फेकू नका. हॉलमधल्या फुटक्या आणि बोद्या लाद्यांच्या जागी त्याच बसवा. तशा रंगाची, तशा दाण्याची लादी आज बाजारात शोधून मिळणार नाही.

पैसे पहिल्यांदा जायला हवेत ते बाथरूमवर. तिथली लादी उकलली की वॉटरप्रूफिंग नव्याने करावंच लागतं, ते टाळून वरवर टाइल लावणारा मिस्त्री घरात घेऊ नका. वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल लावण्याआधी जाळी बंद करून दोन-तीन इंच पाणी भरून ठेवायचं, ४८ तास. या काळात खालच्यांचं छत रोज बघायचं. मिस्त्री ‘चोवीस तास पुरे’ म्हणेल, ऐकू नका. जमिनीला ढाळ फुटाला तीन-चार मिलिमीटर हवा, जाळीकडे. टाइल एक फूट बाय एक फूट किंवा त्याहून लहान घ्या. मोठ्या टाइलला ढाळ देता येत नाही, आणि लहान टाइलला सांधे जास्त म्हणून पायाला पकडही जास्त. दुकानात ‘अँटीस्किड’ हा शब्द कशालाही लावतात, त्यावर विसंबू नका. आर ९ ते आर १३ अशी श्रेणी असते, तेलकट केलेल्या उतारावर माणूस चालवून ती ठरवतात. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. बाथरूमला निदान आर १०, सासूबाईंसाठी आर ११ बघा. ती थोडी खरखरीत असते, घासायला वेळ लागतो, तो लागू द्या. भिंतीत धरायचा दांडा टाइल्सच्या कामातच बसवून घ्या, कमोडजवळ एक आणि आंघोळीच्या जागी एक. उंबऱ्याची कड गोल करून घ्या.

पैशांचा हिशोब. खालचे दर मी नमुन्यादाखल धरले आहेत, तुमच्या भागातल्या दोन दुकानांचे आणि दोन मिस्त्र्यांचे दर विचारून ते बदला. हिशोबाची पद्धत मात्र हीच ठेवा.

तुमच्या मनात बहुधा ५४० गुणिले ६०, म्हणजे ३२,४०० रुपये असं गणित झालं असेल. बाथरूम-संडास आणि ओट्याखालची जागा वजा केली तर लादीची जमीन ४६० चौरस फूट धरू. कापाकापीची तूट आठ टक्के, झाले ४९७. मग स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावायची टाइलची पट्टी, जी सगळे विसरतात. दोन बाय दोनच्या एका टाइलमधून चार इंचांच्या सहा पट्ट्या निघतात, म्हणजे लांबीत बारा फूट. तुमच्या घराला १८० फूट स्कर्टिंग लागेल असं धरलं तर १५ टाइल्स, ५८ चौरस फूट. एकूण ५५५. आता खोक्यावर बारकाईने बघा. दुकानदार ‘दोन बाय दोन, चार नग, सोळा फूट’ म्हणतो. टाइल प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची असते, दोन फुटांना नऊ-दहा मिलिमीटर कमी. खोक्यात भरतात साडेपंधरा फूट. म्हणून ३६ खोकी, आणि पुढे एखादी फुटली तर लागेल म्हणून एक जास्त. सदतीस खोकी, साठ रुपयांनी, अठरा टक्के जीएसटी धरून ४०,६०० रुपये.

सगळं घर उकललं तर याच्यापुढे काय येतं ते पाहा. तोडफोड फुटाला पंचवीस धरून ११,५०० रुपये. चार इंच जाडीचा माल निघाला तर फुटल्यावर तो फुगतो, सिमेंटच्या गोण्यांत भरला तर दीडशेहून जास्त गोण्या होतात. दोन मजले उतरवून टेम्पोत भरून नेण्याचे गोणीला सत्तर धरले तर ११,२००. सिमेंट-रेती २८,००० रुपये, कारण जेवढा भराव गेला तेवढा परत भरायचा आहे. बसवण्याची मजुरी २३,००० आणि स्कर्टिंगची ४,५००. सांधे भरायचं ग्राउट ५,०००. दारं तासणं, उंबरठे, भिंतींच्या खालच्या भागाचा रंग मिळून १२,०००. मोरीचा पाइप १५,०००. बेरीज १,५०,८००. त्यात टाइलचा वाटा चौथ्या हिश्श्याहून थोडा जास्त. म्हणून साठाची पंचावन्न करून घेण्यात दुपार घालवण्यापेक्षा गोण्यांचा आणि भरावाचा दर आधी ठरवा. यात बाथरूमचे ५५,००० मिळवले की दोन लाख ओलांडले, आणि अचानक निघणाऱ्या कामासाठी हातात रुपयाही उरला नाही.

मी सुचवते तो मार्ग असा बसतो. हॉल आणि खोल्यांच्या ३८० फुटांचं पॉलिश तीस रुपयांनी ११,४००. स्वयंपाकघर पाइपासकट ३५,०००. बाथरूम ५५,०००. एक लाखाच्या थोडं वर. पंधरा हजार अडीअडचणीला ठेवा, कारण मोरी उकलल्यावर काय निघेल ते कुणालाच आधी दिसत नाही. उरलेले पैसे निवृत्तीच्या पहिल्या वर्षात घरात असलेले बरे. फुल्या सगळीकडे पडल्या, लादी सगळीकडेच पोकळ निघाली, तर पूर्ण उकलण्याला पर्याय नाही. मग दोन टप्पे करा. यंदा स्वयंपाकघर आणि बाथरूम, हॉल-खोल्या पुढच्या वर्षी. तोडताना ब्रेकर मशीन लावू देऊ नका, छिन्नी-हातोडाच. हादऱ्यांनी जुन्या स्लॅबचं प्लास्टर खालच्यांच्या ताटात पडतं.

टाइल निवडताना दोन बाय चार नको, पांढरी चकचकीत तर नकोच. जुन्या खोल्या गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, नसतात, लांब टाइलची कापाकाप वाढते आणि कडा एकमेकींशी लागत नाहीत. दोन बाय दोनची मॅट व्हिट्रिफाइड घ्या. तिच्यात पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी मुरतं, स्वयंपाकघराला तेच हवं. रंग फार पांढरा नको, फार गडदही नको, थोडी ठिपक्याठिपक्यांची असेल तर शेंगदाण्याचं साल आणि केस लगेच दिसत नाहीत. दुकानातल्या दिव्यांखाली निवडू नका. एक नमुना घरी आणा, ट्यूबलाइटखाली ठेवा, त्यावर पाणी टाका आणि अनवाणी उभ्या राहा. मग थेंबभर तेल टाकून पुन्हा. सासूबाईंनाही उभं राहू द्या, त्यांचा हात धरून. दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून धरा आणि मधल्या फटीतून बघा. मधोमध फुगीर असतील तर त्या खोक्यातला माल नको. सगळ्या खोक्यांवर शेड आणि बॅच नंबर एकच असायला हवा. बहुतेक माल गुजरातमधल्या मोरबीचा असतो आणि नंतर पुन्हा तीच बॅच मिळेलच असं नाही, म्हणून जास्तीचं खोकं माळ्यावर ठेवा. न उघडलेली खोकी परत घेणार का, हे पक्क्या बिलावर लिहून घ्या.

मिस्त्रीशी बोलताना माप कशाचं, तूट कुणाची, गोण्या उतरवणं कुणाकडे, हे वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. टाइलखाली मसाला पूर्ण पसरलेला हवा. घाईत चार कोपऱ्यांना आणि मध्ये एक असे गोळे ठेवून टाइल दाबतात. मधली जागा पोकळ राहते आणि फ्रिजचा पाय नेमका तिथे आला की टाइल तडकते. दोन टाइल्समध्ये फट सारखी राहावी म्हणून दोन मिलिमीटरचा स्पेसर हवा आणि भिंतीकडेने थोडी फट, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. फट न ठेवता ठासून बसवलेल्या टाइल्स उन्हाळ्यात फुगून उचलल्या जातात. शेवटचे पंधरा टक्के पैसे हातात ठेवा. तीन-चार दिवसांनी परत दांडक्याने ठोकून बघा, बोद्या निघतील त्या काढून बसवून घ्या, मग हिशोब मिटवा.

सोसायटीची लेखी परवानगी, कामाच्या वेळा आणि डिपॉझिट यांची चौकशी आधीच करा. गोण्या कंपाउंडमध्ये पडू देऊ नका. टेम्पोवाला त्या रात्री कुठेतरी रस्त्याकडेला ओतणार असेल तर त्याला काम देऊ नका. पालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे, मुलुंडच्या टी वॉर्ड कार्यालयात चौकशी करा.

गणपतीचं म्हणाल तर स्वयंपाकघर, बाथरूम आणि पॉलिश एवढं काम त्याच्या आत बसेल, पण क्रम बदलू नका. आधी बाथरूम, कारण त्यात पाणी भरून थांबायचं आहे. मग स्वयंपाकघर, आणि पॉलिश सर्वांत शेवटी, नाहीतर हातगाडी आणि गोण्यांनी तीच लादी परत खरवडली जाईल. नव्या टाइलवर एक दिवस पाय ठेवू नका, फ्रिज आठवडाभर बाहेरच्या खोलीत राहू द्या. पाऊस सुरू झाल्यावर सगळं घर एकदम उकलण्याचा विचार मनात आणू नका. रेती ओली येते, गोण्या भिजून जड होतात आणि मिस्त्री गणपतीला गावी जायच्या घाईत असतो.

आणि ते एकवीस हजारांचं टोकन. देऊ नका. तुम्हाला किती खोकी लागणार ते अजून ठरलेलं नाही. स्वयंपाकघरापुरतीच लागली तर आठ-दहा खोक्यांत भागेल, आणि तेवढ्या मालाची सगळी किंमतही एकवीस हजार होत नाही. आधीच दिलं असेल तर पावती घेऊन जा, माल कमी लागणार असल्याचं सांगा आणि उरलेली रक्कम परत करण्याची तारीख पावतीच्या मागे त्यांच्याकडून लिहून घ्या.